लिथियमच्या टिपणाबद्दल आभार

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आपण साताऱ्याहून पाठवलेले टिपण सांगलीतल्या आम्हा रसायनशास्त्र शिक्षकांना मिळाले. बॉन्ड ऑर्डर (दोन अणूंमधल्या बंधांची संख्या) शिकवून झाली की चौकस मुले जिथे अडवतात, म्हणजे लिथियमचा धन आयन रेणूपेक्षा घट्ट कसा, नेमके त्याचेच उत्तर त्यात आहे. मनःपूर्वक आभार.

लिथियमच्या दोन अणूंच्या रेणूची बॉन्ड ऑर्डर १, त्याच्या धन आणि ऋण आयनांची अर्धी. म्हणून रेणू सर्वांत स्थिर, मग धन आयन, आणि बंध सैल करणाऱ्या कक्षेत जादा इलेक्ट्रॉन असल्याने शेवटी ऋण आयन. प्रवेश परीक्षेत हाच क्रम लिहायचा. मोजमाप मात्र धन आयनाला पहिला नंबर देते. आपण त्याच्या विघटन ऊर्जेचा (बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेचा) आकडा पाठ करायला न देता काढायला लावलात, हे फार बरे झाले. रेणूची विघटन ऊर्जा १.०३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तीत अणूची आयनीकरण ऊर्जा (एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) ५.३९ मिळवायची, रेणूची ५.१४ वजा करायची, धन आयनासाठी उरतात १.२८. ऋण आयनासाठी रेणूची इलेक्ट्रॉन आसक्ती (एक इलेक्ट्रॉन घेताना सुटणारी ऊर्जा) ०.४४ मिळवायची, अणूची ०.६२ वजा करायची, उरतात ०.८५.

आपली सावधगिरीची सूचनाही मोलाची. काही तक्त्यांत रेणूसाठी १.०६ दिलेले असते. ते रेणूच्या ऊर्जा-वक्राच्या तळापासून मोजलेले, त्यात शून्यबिंदू ऊर्जा (रेणूच्या कंपनाची कधीच न जाणारी किमान ऊर्जा) वजा केलेली नसते. ते इथे घातले की उत्तर १.३१ येते आणि मुले बेरीज तपासत बसतात.

कारण सांगताना हायड्रोजन शेजारी ठेवावा, हे तर आम्हाला सुचलेच नसते. तिथे रेणूतून इलेक्ट्रॉन काढला की विघटन ऊर्जा ४.४८ ची २.६५ होते, नियम अगदी चोख. लिथियम अणूची ध्रुवणक्षमता (इलेक्ट्रॉन मेघ किती सहज झुकतो ते) मात्र हायड्रोजनच्या सुमारे ३६ पट. शेजारच्या धन आयनाकडे त्याचा सैल इलेक्ट्रॉन मेघ झुकतो, आणि अर्ध्या बॉन्ड ऑर्डरची तूट या ओढीने भरून निघते. गंमत म्हणजे बंधाची लांबी २६७ वरून ३११ पिकोमीटर होते. लांब बंध म्हणजे कमकुवत बंध, हे समीकरण इथे चालत नाही. सोडियमचेही तसेच: विघटन ऊर्जा ०.७४ ची ०.९८.

मिठाच्या वायुरूप रेणूची ओळ आम्ही वेगळ्या तक्त्यात घेतली आहे. तो अणूंत तोडायला सुमारे ४.२, आयनांत तोडायला सुमारे ५.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, कशात तोडले ते लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. छापील प्रत सोबत जोडली आहे, दुरुस्त्या समासात कराव्यात.

आपले नम्र,
रसायनशास्त्र शिक्षक, सांगली