मोतीबागच्या काकाजींना

काकाजी, सा. न.

हरियाणातल्या रेवाडीचं वाफेच्या इंजिनांचं शेड पाहून येऊन चार दिवस झाले, तरी शर्टातला कोळशाचा वास जात नाही. आमची ही तो शर्ट बाकीच्या कपड्यांत टाकूही देत नाही. फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "जाऊ दे ना बे" म्हणून विषय संपवला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

नागपूरला मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात मी लेकाला दाखवत होतो, बघ इंजिन कसं जपलंय, रंग कसा चमकतो! मागून तुमचा आवाज आला, "रंग काय पाहता? पोटात विस्तव नाही तिच्या." राग आला होता, खोटं कशाला बोलू? मग तिथल्याच बाकावर दीड तास तुमची शाळा भरली.

थंड बॉयलर घाईनं तापवायचा नाही. फायरबॉक्सचा, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीचा, पत्रा तापून पसरतो, बाहेरचं कवच मात्र थंडच, मग नळ्यांचे सांधे गळू लागतात. म्हणून मोठ्या इंजिनाला आदल्या रात्रीच जाळ. फायरबॉक्सचे स्टे, म्हणजे पेटी आणि बाहेरचं कवच यांना जोडणारे दांडे, हातोडीनं ठोकायचे. शाबूत असला तर खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. आणि नजर बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर. पाणी उतरून फायरबॉक्सचं छत उघडं पडलं, की शिशाचा प्लग वितळून वाफ जाळावर येते. "इंजिन वाचतं," तुम्ही म्हणालात, "फायरमनची अब्रू जाते."

रेवाडीचं शेड १८९३ चं. वाफेची इंजिनं गेल्यावर ओस पडलं होतं, २००२ मध्ये पुन्हा जागं केलं. आपलं मोतीबागचं संग्रहालयही त्याच सालचं, पण रेवाडीला विस्तव आहे! पहाटे 'अकबर' उभा होता, चित्तरंजनच्या कारखान्यात १९६५ मध्ये बांधलेला डब्ल्यूपी, म्हणजे प्रवासी गाड्या ओढणारं वाफेचं इंजिन. बाकीचे लोक फोटो काढत होते, मी आधी काच शोधली. पाणी अर्ध्यावर. मग तिथल्या फिटरला विचारलं, जाळ कधी घातला? त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "रेलवे में थे क्या?"

"मी नाही, आमचे काकाजी," असं मी मराठीतच सांगून बसलो. त्याला कळलं असावं, कारण त्यानं हातोडी माझ्या हातात दिली.

तुम्ही मागितलेला क्लिंकरचा, म्हणजे कोळशाच्या राखेच्या घट्ट झालेल्या खड्याचा, तुकडा आणलाय, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. रविवारी सकाळी येतो. काकूंना सांगा, तर्री-पोह्यांत माझ्यासाठी तर्री कमी.

तुमचा,
संग्रहालयात रंगाचं कौतुक करणारा