चित्रातला कोल्हा आमच्या माळावरचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्ह्यांनी कलिंगडं फोडल्याची आणि शेतकऱ्यांनी त्यांच्या बंदोबस्ताची मागणी केल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. नुकसान खोटं नाही, माझ्या प्लॉटमध्येही झालं आहे. पण बातमीशेजारी जे चित्र छापलं आहे ते तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या शेंड्याच्या झुपकेदार शेपटीच्या जनावराचं आहे. असं जनावर आमच्या सोलापूर जिल्ह्यात नाही. चित्राची चूक लहान वाटेल, पण त्याच घोटाळ्यात आमच्याकडे दरवर्षी नको ते जनावर मरतं, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

मी उत्तर सोलापूर तालुक्यात नान्नजच्या बाजूला राहते. वय अठ्ठावन्न. साडेतीन एकर जमीन, त्यात रब्बीची ज्वारी, विहिरीला पाणी असलं तर जानेवारीत एक एकर कलिंगड. सहा शेळ्या, थोड्या कोंबड्या आणि ढवळी नावाची एक कुत्री. शेताला लागून वनखात्याचा माळ आहे. १९७९ साली झालेलं माळढोक अभयारण्य इथलंच. सासरी आले तेव्हापासून हा माळ रोज बघते.

आमच्याकडे कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळं. शाळेच्या पुस्तकातल्या, द्राक्षं आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्याचं चित्र बाहेरच्या खोकडाचं असतं आणि नाव मात्र आपल्या कोल्ह्याचं. कोल्हा म्हणजे तिन्हीसांजेला कळपाने कोल्हेकुई करतो तो. आठ-दहा किलोचा, पिवळट राखी, आखूड शेपटीचा. काकडी, मका, ऊस, द्राक्ष, कलिंगड सगळं खातो. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण शेतात रात्र काढलेल्या माणसानेच केली असणार. खोकड त्याच्या निम्म्यानेही नसतं. दोन-तीन किलो वजन, मांजरापेक्षा जरा उंच, काटकुळे पाय, मोठे कान आणि लांब शेपटी, तिचा शेंडा काळा. उघड्या माळावर बिळं करून नर-मादी जोडीनं राहतात. नाकतोडे, भुंगेरे, वाळवी, सरडे, बोरं आणि मुख्य म्हणजे उंदीर, हा त्याचा आहार. जमिनीवरच्या पाखरांची अंडी सापडली तर तीही खातं, कोंबडीचं उघड्यावर राहिलेलं पिल्लूही उचलेल. पण टरबूज फोडून रात्रीत वीस फळांची नासाडी करणं हे त्याचं काम नाही. ज्वारीची काढणी झाल्यावर रानात उंदरांची बिळं उघडी पडतात. तेव्हा संध्याकाळी बांधावर कान टवकारून उभं असलेलं खोकड मी कितीदा तरी पाहिलं आहे. एकदम चारी पायांवर उडी मारतं आणि उंदीर तोंडात घेऊन निघून जातं.

आता तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट सांगते. भावकीतल्या एका पोराच्या प्लॉटमध्ये कोल्हे शिरत होते. फळं तोडणीला आली होती, व्यापारी दोन दिवसांत येणार होता, तो चिडला होता आणि त्याचं चिडणं मला समजतं. त्याने कोंबडीच्या आतड्यात दाणेदार औषध भरून बांधाला चार ठिकाणी ठेवलं. फोरेट, पिकावरचं जहाल कीटकनाशक. सरकारने ते २०२० सालच्या अखेरीला बंद केलं, पण जुना साठा असतो कुणाकुणाकडे. मला याची काहीच कल्पना नव्हती. पहाटे धार काढून मी ढवळीला घेऊन नेहमीसारखी निघाले. तेव्हा मी तिला मोकळी सोडत असे. ती बांधापलीकडे गेली आणि पाच-सात मिनिटांत परत आली. अर्ध्या तासात तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लागल्या, अंग थरथरायला लागलं, मागचे पाय लुळे पडले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, ते मोटारसायकलवर पाऊण तासात आले. त्यांनी बाहुल्या बघूनच ओळखलं आणि ॲट्रोपीनचं, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन दिलं. दिवसभरात आणखी तीनदा द्यावं लागलं. ढवळी वाचली. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं.

दुपारी ती जरा शांत झाल्यावर मी बांधाने फिरले. चारपैकी तीन ठिकाणचं आमिष गेलेलं. एक ढवळीने खाल्लेलं. ओढ्याजवळ एक मोर मेलेला, कशाने ते मी सांगू शकत नाही. आणि माळाच्या कडेला खोकडाची मादी पडली होती. तिच्या सडांत दूध होतं. तिचं बीळ मला ठाऊक होतं, तिथून दीडशे पावलांवर हिवराच्या झाडाखाली. आमच्याकडे खोकडांची पिल्लं फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. पुढचे चार दिवस नर बिळाशी येताना दिसत होता, तोंडात काहीतरी घेऊन. पाचव्या दिवसानंतर तिथे कुणी दिसलं नाही. बिळाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं.

कोल्हे मात्र त्याच रात्री पुन्हा आले. त्या पोराच्या प्लॉटमधली आठ-दहा फळं फुटली. तो दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात येऊन खाली मान घालून म्हणाला, “काकू, कोल्ह्यासाठी ठेवलं होतं, तुमची कुत्री जाईल असं वाटलं नव्हतं.” मी त्याला ओरडले नाही. त्याला बोलावून मी काय करते ते दाखवलं, तेच इथे लिहिते.

कोल्हा कलिंगडाला लागतो तो शेवटच्या दहा-बारा रात्री, फळात साखर भरल्यावर. तेवढ्या रात्री राखण केली की पुष्कळ भागतं. प्लॉटभोवती जुन्या साड्या कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधायच्या, खालची कड मातीत दाबायची. साडी वाऱ्याने हलते, आत काय आहे ते त्याला दिसत नाही. बांधावरची पिकली फळं आधी उतरवायची, आतली पाचटाने झाकायची. खोपटात कुणीतरी झोपायचं आणि रात्री दोनदा बॅटरी फिरवायची. ठिबकच्या नळ्या चावल्या म्हणून लोक कोल्ह्याला शिव्या देतात, पण मार्च-एप्रिलमध्ये माळावर पाण्याचा थेंब नसतो आणि नळीत पाणी असतं. मी बांधाच्या पलीकडे दोन घमेली पुरून ठेवली आहेत, एक दिवसाआड भरते. तेव्हापासून नळ्या चावलेल्या क्वचित सापडतात. करडं रात्री डालग्याखाली, डालग्यावर दगड. कोंबड्या खुराड्यात, दाराला कडी. यातलं काही नवीन नाही, माझ्या सासूबाई हेच करायच्या. कोल्ह्याने शेळी मारलीच तर भरपाईसाठी वनखात्याला लगेच कळवावं, १९२६ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. पंचनाम्याआधी मेलेलं जनावर हलवू नये.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती म्हणजे मेलेल्या कोंबड्या. पोल्ट्रीच्या शेडमधून मेलेले पक्षी पोत्यात भरून ओढ्यात टाकतात. त्या वासाला गावची कुत्री येतात, कोल्हेही येतात, आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या पिकात शिरतात. खड्डा काढून चुना टाकून पुरायला किती वेळ लागतो? आधी ओढ्यात त्यांना जेवू घालायचं आणि नंतर विष घालायचं, हा कसला बंदोबस्त?

कायद्याचंही सांगते, कारण पुष्कळांना हे माहीत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तेव्हापासून कोल्हा आणि खोकड दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. मारल्यास कमीत कमी तीन वर्षं कैद आणि पंचवीस हजार दंड. विष, क्लच वायरची फासकी, गावठी बॉम्ब, सगळं यात येतं. एका रागाच्या रात्रीपायी एखादं पोर तुरुंगात जावं असं मला वाटत नाही. म्हणून बंदोबस्ताची मागणी छापताना सोबत हेही छापायला हवं होतं.

आता कुत्र्याचं. आमच्या भागात कारवान जातीची कुत्री पूर्वीपासून आहेत, उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी धावणारी. ती लोकांनी सशांमागे सोडण्यासाठीच पाळली. माझे सासरे पाळत. ढवळी त्याच रक्ताची आहे, निम्मी तरी. माळ मला दाखवला तो तिनेच. तिचे कान उभे राहिले की मी थांबते, ती बघते तिकडे बघते, आणि तिथे काहीतरी असतंच. गवतात दबून बसलेले तितर, नांगरटीच्या रंगात मिसळून गेलेला धाविक पक्षी, थंडीत कुसळी गवतावरून खालून-खालून उडणारा भोवत्या हा शिकारी पक्षी, एकदा तर काळविटांच्या मागून सावकाश चालणारा लांडगा. माझ्या एकटीच्या डोळ्यांना हे दिसलं नसतं. गुडघे दुखतात तरी पहाटे उठून मी जाते ते या एका तासासाठी.

विषाच्या त्या प्रसंगानंतर तिला दावं लावलं. बारा हात लांब सुती दावं. मला वाटलं, आता हिच्यापासून कुणाला त्रास नाही. हिवरापासून जरा लांब बसून मी तिच्यासोबत खोकडाची नवी जोडी बघत असे. मग आमच्याच नान्नजच्या माळावर झालेल्या अभ्यासाबद्दल कळलं. वन्यजीव अभ्यासक अबी वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे खोकडांवर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांनी खोकडांसाठी खाणं ठेवून पाहिलं, आणि जवळ कुत्रा असला की खोकड कमी खातं, सारखं मान वर करून बघत राहतं, असं दिसलं. कुत्र्याने अंगावर जायचीही गरज नाही, नुसतं असणं पुरतं. शेतांत उंदीर असूनही खोकड तिकडे फिरकायला कचरतं, त्यालाही वस्तीची कुत्री कारण. वाचून मला फार वाईट वाटलं. मी ज्यांना बघायला जात होते, त्यांचं जेवण माझ्या बसण्याने मोडत होतं. आता जानेवारी ते मे मी त्या अंगाला ढवळीला नेतच नाही. आम्ही ओढ्याच्या बाजूने जातो. तिथेही दावं सुटत नाही, कारण याच महिन्यांत माळटिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. खोकड बघायचं असलं तर मी एकटी जाते, लांबून बघते.

सोलापूरहून, पुण्याहून गाड्या घेऊन लोक आता माळ बघायला येतात. आनंद आहे, पूर्वी याला पडीक म्हणून नाक मुरडत. पण काही जण आपली कुत्री आणतात आणि इतकं मोकळं रान बघून सोडून देतात. कुत्रं आनंदाने धावतं, मालक त्याचा व्हिडिओ काढतात. त्या धावण्याखाली टिटवीचं घरटं असू शकतं, बिळातून पहिल्यांदा बाहेर आलेलं पिल्लू असू शकतं. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, कुत्रं आणा, पण दाव्याला बांधून आणा.

आणि लस. याच परिसरातल्या कुत्र्यांचे आणि खोकडांचे रक्ताचे नमुने तपासले गेले, तेव्हा डिस्टेम्पर आणि पार्व्होसारखे कुत्र्यांचे जीवघेणे साथीचे रोग दोघांनाही लागून गेल्याच्या खुणा सापडल्या. मी स्वतः एक खोकड भर दुपारी, डोळ्यांत चिपडं, एकाच जागी गोल फिरताना पाहिलं आहे. लोक म्हणाले पिसाळलं, आणि दगडांनी मारलं. कशाने आजारी होतं कुणी तपासलं नाही. गावात पिसाळण्याची लस कधीतरी येते, डिस्टेम्परची कुणी बोलतही नाही. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे खोकडांच्या जोड्या जमायच्या आधी, माळाच्या कडेच्या प्रत्येक गावात सगळ्या कुत्र्यांना दोन्ही लसी टोचायला हव्यात. वाड्यावस्त्यांवरची आणि धनगरांच्या कळपाबरोबरची कुत्री धरून. पशुसंवर्धन आणि वन, दोन्ही खात्यांनी मिळून करण्याचं काम आहे हे. आपल्या वृत्तपत्राने मागणी लावून धरली तर ग्रामपंचायती ऐकतील. आमच्या ग्रामपंचायतीत मी स्वतः अर्ज दिला आहे.

सोबत एक फोटो पाठवते आहे. माझ्या भाच्याने गेल्या डिसेंबरात बांधावरून मोबाइलवर काढला, त्यामुळे जरा अस्पष्ट आहे. पण मोठे कान नीट दिसतात आणि शेपटीचा काळा शेंडाही दिसतो. पुढच्या वेळी आमच्याकडच्या खोकडाची बातमी आली, तर हा छापावा. कोल्ह्याचा फोटो आमच्याकडे नाही. तो कळपाने रात्रीच येतो, आमच्या मोबाइलमध्ये येत नाही. तो वनखात्याकडून मागून घ्यावा.

आपली,
एक शेतकरी वाचक
ता. उत्तर सोलापूर
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे.)