पैसे गेले नाहीत म्हणून तक्रार नाही, असं का साहेब?

मा. गृहमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

माझी आई 74 वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यात गावच्या घरात एकटी राहते आणि मी नोकरीसाठी पुण्यात. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि दीड तास कुणाला कळलंच नाही, म्हणून मी तिच्या खोलीत एक वायफाय कॅमेरा बसवून घेतला, मोबाईलवरून फिरवता येतो आणि त्यातून बोलताही येतं तसला.

मागच्या श्रावणात एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला, "अगं झोप की आता, कॅमेरा काय फिरवत बसलीयेस." मी फिरवत नव्हते साहेब, माझा मोबाईल चार्जिंगला होता. ती म्हणाली तो आधी देव्हाऱ्याकडे वळला, मग तिच्या कॉटकडे आला आणि तिथंच थांबला. मी अ‍ॅप उघडून बघितलं तर खरंच, कायम दाराकडे तोंड असलेला कॅमेरा कॉटकडे बघत होता आणि आई पदर सावरत त्याच्याकडे बघत होती. वायर काढ म्हटलं तर हात पोचेना, शेवटी तिने त्याच्यावर टॉवेल टाकला. सकाळी मेल चाळले तेव्हा कळलं, नवीन मोबाईलवरून लॉगिन झाल्याचा मेल चार दिवस आधीच आलेला, जाहिरातींच्या मेलमध्ये पडून होता.

1930 ला फोन लावला. त्यांनी बँक कुठली, ट्रान्झॅक्शन नंबर काय ते विचारलं, कारण ती हेल्पलाईन पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, त्यांची चूक म्हणत नाही मी. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. मग पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. ठाणे अंमलदारांचा पहिला प्रश्न, किती गेले? मी म्हटलं पैसे नाही गेले. मग म्हणे पासवर्ड बदला आणि सोडून द्या, कॅमेरा बिघडला असेल. बिघडला असेलही, पण मग ते लॉगिन कुणाचं? दुसऱ्या फेरीला सांगितलं की आयटी अ‍ॅक्टच्या गुन्ह्याचा तपास पीआय साहेबच करू शकतात आणि ते बंदोबस्ताला गेलेत. कायद्यात ते खरंच आहे, कलम 78, इन्स्पेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याला तपास करता येत नाही. पण तक्रार लिहून घ्यायला काय हरकत होती? तिसऱ्या फेरीला नुसता अर्ज घेतला आणि पोच दिली.

याच कायद्यात कलम 66 आणि 66सी आहे, दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये लबाडीने शिरणं, दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं, दोन्हीला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि प्रत्यक्ष पैसे गेलेच पाहिजेत अशी अट कुठंही नाही. ठाण्यात दाद नाही लागली तर एसपी साहेबांना लेखी कळवता येतं हे मला एका वकील मैत्रिणीने सांगितलं, आईच्या वयाच्या बाईला कोण सांगणार?

आणि या सगळ्यात पुरावा गेला. कॅमेरा बसवणाऱ्या दादांनी चांगल्या मनाने सगळं रीसेट मारून दिलं, राऊटर पण, त्यामुळे त्यातल्या नोंदी पुसल्या. कंपनीने मला कळवलं की लॉगिन कुठून झालं ते फक्त पोलिसांची नोटीस आली तरच देऊ. नोटीस गेलीच नाही. आज मला माहीत नाही की तो कुणी लांबचा माणूस होता की ओळखीतला, आणि हे न कळणंच जास्त त्रास देतं, कारण मग गावात प्रत्येकाकडे संशयाने बघितलं जातं. बसवताना अकाउंट त्या दादांनी स्वतःच्या मोबाईलवरून उघडलं होतं, पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ठेवतात, सोपं पडतं म्हणाले. माझ्याकडूनही तो बदलायचा राहिला, हे कबूल करते.

फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या प्रसूतीगृहातल्या बायकांचे तपासणीचे व्हिडिओ तिथल्या सीसीटीव्हीतून चोरून विकले गेले ते आठवत असेल, त्यात पकडलेल्यांपैकी दोघं आपल्या लातूर आणि सांगलीचे होते. तिथंही कॅमेऱ्यांचे पासवर्ड अगदी सोपे होते. एप्रिल 2025 पासून केंद्राने सीसीटीव्ही कॅमेरे सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय विकायला बंदी केली, चांगलंच झालं, पण भिंतीवर आधीपासून लागलेल्या कॅमेऱ्यांचं काय?

साहेब, मागणी मोठी नाही. घरातला कॅमेरा, वायफाय, मेल कुणी उघडल्याचा संशय असेल तर पैसे गेले का हे न विचारता तक्रार घ्या असं सगळ्या ठाण्यांना लेखी कळवा. आणि कंपनीला नोटीस आठवड्याच्या आत जाऊ द्या, नंतर गेली तर नोंदी राहतील याची खात्री नसते. रीसेट मारायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, लॉगिनचे मेल डिलीट करू नका, अ‍ॅपमध्ये अजून कुणाला अ‍ॅक्सेस आहे ते बघा, मग पासवर्ड बदलून ओटीपीवालं लॉगिन चालू करा, एवढं मराठीत एका कागदावर छापून प्रत्येक ठाण्यात लावा. बसवणाऱ्यांनी अकाउंट मालकाच्याच नंबरवर उघडावं, हा नियम तर लगेच करता येईल.

कॅमेरा आता कपाटात आहे. आई झोपताना मला फोन करते आणि सकाळी सहाला परत करते, सहा दहापर्यंत नाही आला तर मी शेजारच्या काकूंना उठवते. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, आपल्या कार्यालयातून कुणी मागितली तर त्याच दिवशी पाठवते.

आपली,
पुण्यात राहणारी एक मुलगी