ठोकताळा विचारण्यासाठी असतो, माणसं मोजण्यासाठी नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयटीतल्या कामाच्या तासांविषयीची पत्रं मी आपल्या सदरात नेमाने वाचते. तासांइतकंच माणसांना पिळणारं आणखी एक प्रकरण आहे, ते म्हणजे आकड्यांचे ठोकताळे. तीन डेव्हलपरमागे एक टेस्टर, प्रत्येकाचं युटिलायझेशन (कामात गुंतलेला वेळ) ९५ टक्क्यांच्या वर, दर स्प्रिंटला, म्हणजे दोन आठवड्यांच्या कामाच्या टप्प्याला, अमुक इतके स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचे अंदाजी गुण) झालेच पाहिजेत. हिंजवडीत मी २१ वर्षं नोकरी केली, त्यातली ११ टीम सांभाळण्यात गेली. हे आकडे मी ऐकले, वापरले आणि लोकांवर लादलेही.

ठोकताळा मुळात वाईट नसतो. भाताला दुप्पट पाणी हे घरोघरी ठाऊक असतं, पण तांदूळ नवा की जुना हे पाहूनच हात सैल सोडायचा की आखडायचा ते ठरतं. आमच्याकडे तांदूळ कोणी पाहतच नाही.

चार वर्षांपूर्वी विम्याच्या एका प्रकल्पात आम्ही पाच आठवडे मागे पडलो होतो. टीम सहा जणांची. वरून हिशोब आला : माणसं दुप्पट करा, काम निम्म्या वेळात होईल. पुढच्या सोमवारी बेंचवरची, म्हणजे तेव्हा कुठल्याच प्रकल्पावर नसलेली, सहा मुलं माझ्याकडे आली. मुलं हुशार होती, मन लावून काम करणारी होती. पण क्लेम कुठून येतो, कुठे अडतो आणि कोणाच्या मंजुरीने सुटतो, हे त्यांना समजावण्यात माझे दोन सर्वांत अनुभवी लोक दिवसचे दिवस अडकले. सहा जणांत आपसात बोलणाऱ्या जोड्या १५ होतात. बारा जणांत ६६. सकाळचा १५ मिनिटांचा स्टँड-अप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, पाऊण तासावर गेला. रिलीज आणखी सात आठवडे लांबलं.

उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रचंड काम सांभाळून ते या निष्कर्षाला आले होते. आपण इंजिनिअरिंगला ते परीक्षेपुरतं पाठ करतो आणि नोकरीला लागलो की विसरतो. ब्रूक्स यांनी नियम मांडतानाच तो फार ढोबळ असल्याची कबुली दिली होती, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. त्यांचा स्वतःचा ठोकताळा असा की एकूण वेळेचा तिसरा हिस्सा आखणीला, सहावा हिस्सा कोडिंगला आणि निम्मा वेळ टेस्टिंगला द्यावा. आमच्या त्या प्रकल्पाच्या आराखड्यात टेस्टिंगला दहापैकी दोन आठवडे होते. म्हणजे सोयीचा आकडा उचलला, गैरसोयीचा सोडला.

युटिलायझेशनचा आकडा मला सर्वांत घातक वाटतो. रांगांच्या गणितातलं अगदी साधं सूत्र घ्या. कामं वेळीअवेळी येत असतील आणि माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असेल, तर नव्या कामाला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ ताटकळावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. वाकडच्या पुलावर रोज सकाळी अडकणाऱ्याला हे शिकवावं लागणार नाही. रस्ता कडेपर्यंत भरला की गाड्या पुढे सरकत नाहीत. तरीही टाइमशीटमध्ये कोणाचे चार तास मोकळे दिसले की मला विचारणा होते. मध्यरात्री क्लायंटचा सर्व्हर पडतो तेव्हा धावून येणारी माणसं त्या चार तासांतूनच मिळतात, हे मी दर तिमाहीत सांगते.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. टीममधल्या एका मुलीने तीन स्प्रिंट खपून जुना, पुन्हा पुन्हा चिकटवलेला कोड काढून टाकला. चौदाशेच्या आसपास ओळी कमी झाल्या. तेवढ्याच काळात शेजारच्या टीमने अंदाज फुगवून तीनच्या जागी पाच, पाचच्या जागी आठ पॉइंट लावायला सुरुवात केली होती. पॉइंट मोजणाऱ्या अप्रेझलच्या (कामाच्या मूल्यमापनाच्या) तक्त्यात ती मुलगी सर्वांत खाली दिसली आणि मी त्या तक्त्यावर सही केली. मी भांडायला हवं होतं. पुढच्या पावसाळ्यात ती नोकरी सोडून गेली. तिने साफ केलेल्या भागात त्यानंतर वर्षभर एकही मोठा बग आला नाही.

माझी विनंती कंपन्यांच्या वरिष्ठांना आहे. स्टोरी पॉइंट त्या त्या टीमला पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज बांधण्यापुरते ठेवा. दोन टीमची तुलना त्यावरून करू नका आणि पगारवाढ तर मुळीच नको. आकडा बिघडलेला दिसला, तर आधी त्या टीमजवळ जाऊन बसा आणि काय झालं ते विचारा. माझ्या दहा जणांपुरतं हे मी एप्रिलपासून सुरू केलं आहे. आता अंदाज चुकला तर मुलं तिसऱ्याच दिवशी येऊन सांगतात; पूर्वी ते मला स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी कळायचं.

आपली,
एक प्रकल्प व्यवस्थापिका, पिंपळे सौदागर, पुणे
(नोकरीत असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)