गोठा पाडण्याआधी

पुणे,
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. विषय फोनवर बोलण्यासारखा नाही म्हणून कागद घेतला. बाबांना ऐकू कमी येतं म्हणून आई स्पीकर लावते, आणि स्पीकर लावला की आपलं बोलणं खालच्या वाडीपर्यंत जातं. परवा मी नुसतं "गोठ्यातल्या त्याचं काय ठरलं?" एवढंच विचारलं, तर आई "हळू बोल गं!" म्हणून अशी ओरडली की मला इथे कानापासून फोन लांब धरावा लागला.

तर, गोठ्यातल्या त्याचं काय ठरलं?

शिमगा झाला की गवंडी येणार, गोठा पाडणार, तिथे कमोडचं बाथरूम होणार. बाबांच्या गुडघ्यांसाठी ते हवंच आहे. पण आजी असेपर्यंत त्या गव्हाणीचा चिरा कुणाला हलवू देत नव्हती, हे मी लहानपणापासून बघत आले. साफसफाई करायची ती दगडाच्या भोवतीनं. आणि बाबा, गाय विकली त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही रिकाम्या गव्हाणीत पेंढा भरून ठेवलात. मी ओट्यावरून बघत होते. गाय नसलेल्या गोठ्यात पेंढा कशाला, हे तेव्हा विचारलं नाही, आता विचारते.

माझ्या लग्नात आजीची नथ काढायची म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "जागेवर आहे, सुरक्षित आहे." दादाच्या लग्नातही तेच म्हणालात. दोन्ही लग्नं सराफाकडच्या नव्या नथीवर झाली.

खोटं कशाला बोलू, ती नथ मला हवी आहे. "मला तुमचं काही नको हो" असं म्हणणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्यात, मी त्यातली नाही. पण आत्ता मला काळजी नथीपेक्षा मोत्यांची आहे. इथल्या सराफांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, सोनं मातीत शंभर वर्षं राहिलं तरी त्याला काही होत नाही, धुतलं की झालं. चांदी काळी पडते, तांब्यापितळेच्या डबीला हिरवा चढतो. मोत्याचं मात्र शिंपल्यासारखंच, ओल आणि आंबट त्याला चालत नाही, पाणी उतरतं. आपल्या गोठ्यात तर किती वर्षांचं गोमूत्र मुरलंय.

दुसरी काळजी गवंड्याच्या माणसांची. ती माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण पहारीखाली डबी निघाली की ती आपली राहत नाही, गावाची होते. बाबा, तो कायदा तुम्हीच मला शिकवला होतात, तलाठी असताना. १८७८ चा. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या असलेल्या बांधकामात दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने कलेक्टरला कळवायचं. ती शंभर वर्षांच्या आत आपल्याच माणसाने ठेवली होती असा दावा असेल, तर दिवाणी कोर्टात जाऊन शाबीत करायचं. दहा रुपयांचा आकडा ऐकून मी हसले होते. आता हसू येत नाही. आजीच्या नथीसाठी आजीच्याच नातीने कोर्टात साक्ष द्यायची?

आईच्या जागा मला पाठ आहेत. तांदळाचा डबा, मेतकुटाची बरणी, गाद्यांच्या चळतीतली खालून दुसरी, देव्हाऱ्यामागचा कोनाडा. आई, मला पाठ आहेत म्हणजे चोरालाही पाठ असणार, कारण सगळ्या आयांच्या जागा याच असतात. कुड्या तांदळात ठेवल्यास आणि त्याच डब्यातून देवळात शिधा पाठवलास, आठवतं ना? गुरवकाकींना तांदूळ निवडताना सापडल्या, म्हणून ओच्यात बांधून भर दुपारी चालत आल्या. चहासुद्धा न घेता गेल्या.

आणि साडीच्या घडीतल्या त्या सात नोटा. पाचशेच्या. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली, ३० डिसेंबरपर्यंत बँकेत भरायला मुदत होती, आणि तुझ्या हाताला त्या लागल्या दोन वर्षांनी, दिवाळीच्या साफसफाईत. साडेतीन हजार रुपये. रुपयांपेक्षा तुला वाईट वाटलं ते बाबांना कळेल याचं. (बाबा, आता कळलं. बोलू नका तिला.) मेतकुटाच्या बरणीत दोन हजारांच्या अजून काही आहेत असा मला दाट संशय आहे. असतील तर काढून ठेव. त्या २०२३ च्या मे महिन्यात मागे घेतल्या, पण फुकट गेलेल्या नाहीत. बेलापूरला रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात जमा करता येतात, पोस्टानेही पाठवता येतात. मी करते ते.

बाबांची तऱ्हा निराळी. ते वस्तू लपवत नाहीत, किल्ल्या लपवतात. ट्रंकेची किल्ली चहाच्या डब्यात. चहाचा डबा फडताळात, फडताळाला कुलूप. फडताळाची किल्ली काळ्या कोटाच्या खिशात. आणि गेल्या गणपतीत कळलं की कोट ट्रंकेत. भटजी पाटावर बसलेले, आणि दादा फडताळाचं कुलूप दगडाने फोडतोय. एवढं करून चांदीचं ताम्हन निघालं ते तव्यासारखं काळं.

भिंतीतल्या खणाचं तर विचारूच नका. जांभा पावसाळाभर पाणी पितो, खणात ओल, ओलीला वाळवी. शंभराच्या नोटांचं ते पुडकं बँकेत नेलं तेव्हा मी बरोबर होते. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सलग तुकडा ऐंशी टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशीच्या मध्ये असेल तर निम्मे, त्याखाली काही नाही. तुम्ही काउंटरवर एकेक नोट पत्त्यासारखी मांडत होतात आणि मागची रांग माना लांब करून बघत होती.

लॉकरचं मी पुन्हा काढणार नाही असं म्हणाले होते, पण काढते. लॉकरही सुरक्षित नाही, हा तुमचा मुद्दा मी खोडत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेलेली आपण पाहिली. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम २०२२ पासून लागू झाले. त्यात आग, चोरी, इमारत कोसळणं, कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेच्या चुकीने नुकसान झालं तर वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाई आहे. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीला ती नाही, आणि आतल्या सोन्याच्या किमतीशी तिचा काही संबंध नाही. भाडं दीड हजार तर जास्तीत जास्त दीड लाख. तेव्हा लॉकर म्हणजे देवाचा हात नव्हे, मान्य. पण लॉकर आपल्या तिघांच्या नावावर होतो, त्याला वारस लावता येतो, आणि तो कुठे आहे हे विसरलं तरी बँक विसरत नाही. मला तेवढं पुरे आहे. वाटल्यास उंचावरच्या शाखेत घेऊ.

भाचा म्हणतो, मेटल डिटेक्टर मागवू, पाच मिनिटांत काम. जांभ्यात लोखंड भरलेलं आहे, ते यंत्र आपल्या अंगणात थांबेल कुठे? पायरीपासून तुळशीपर्यंत कोकलत सुटेल.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आई, रागावू नकोस.

बाबांची पुष्कराजाची अंगठी सापडेना, तेव्हा तू भांडीवाल्या मावशींना काही बोलली नाहीस. मला माहीत आहे तू काही बोलली नाहीस. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्या माजघरात आल्या की तूही मागोमाग जायला लागलीस, आणि कपाटाला कधी नव्हे ते कुलूप दिसायला लागलं. अकरा वर्षं आल्या होत्या त्या. माझ्या बाळंतपणात शेकशेगडी त्यांनीच केली. पंधरा दिवसांनी "गुडघे दुखतात" म्हणून काम सोडलं. अंगठी निघाली वातींच्या डब्यात, कापसाच्या खाली. तूच ठेवली होतीस, बाबांचं बोट सुजलं होतं म्हणून काढून. सापडल्यावर तू मला फोन केलास, दादाला केलास, मामीला केलास. मावशींकडे गेली नाहीस. त्यांचं घर आपल्या फाटकापासून दिसतं.

मी गेल्या खेपेला एसटी थांब्यावर त्यांना भेटले. त्यांनी तुझी चौकशी केली, बाबांची केली. अंगठीचं त्यांनीही काढलं नाही, मीही काढलं नाही. काय म्हणून काढणार होते?

असो. माझं म्हणणं एवढंच: येत्या शनिवारी मी एकटीच येते, गवंडी यायच्या आधी. पोरांना इकडे ठेवून. रात्री जेवणं झाली की आपण तिघं गोठ्यात जाऊ. पहार मी मारीन, बाबांनी बॅटरी धरायची, आईने फाटकाकडे लक्ष ठेवायचं. काही नसेल तर गव्हाण मोकळी झाली म्हणायचं.

मग बाबांनी उतारा करायचा. आयुष्यभर लोकांच्या जमिनीचे सातबारे लिहिलेत, गावात कुणाचा बांध कुठे सरकला ते झोपेत सांगाल, आणि आपल्या घरातल्या ऐवजाची एक ओळ कुठे लिहिलेली नाही. खोली, जागा, वस्तू, किल्ली कुठे. दोन प्रती, एक मी नेईन, एक दादाला हातोहात देईन. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून कुणी पाठवायचा नाही. कोल्हापूरला टाउन हॉल म्युझियममध्ये नेलं होतंत आम्हाला, आठवतं? ब्रह्मपुरीच्या १९४४-४५ च्या उत्खननात सापडलेली ती समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती, पार रोमन साम्राज्यातून आलेली. दादाने विचारलं, ही इथे कशी? तुम्ही म्हणालात, "कुणाचा तरी ऐवज असेल, पोरांना सांगायचं राहून गेलं असेल." आम्ही हसून लोळलो होतो.

आणि आई, शनिवारी मी पोचायच्या आधी मावशींकडे जाऊन ये. एकटीने जमत नसेल तर थांब, रविवारी सकाळी आपण दोघी जाऊ. रिकाम्या हाताने जायचं नाही आणि पैसेही न्यायचे नाहीत. आंबोळ्यांचं पीठ ने, त्यांना आवडतं. अंगठी वातींच्या डब्यात सापडली, मीच ठेवली होती, असं तुझ्या तोंडून त्यांना कळू दे.

बाबांच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? मला न्यायला थांब्यावर यायची घाई नको, मी रात्रीच्या गाडीने पोचेन, फाटकाला कडी घालू नका.

हे पत्र वाचून झालं की बंबात टाका. जपून कुठे ठेवू नका.

तुमची,
मनू