पोराला विचारायचंच नसतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी क्रीडा पानावर बेसबॉलला चक्क अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. पण २०१२ च्या वॉशिंग्टन नॅशनल्स या अमेरिकन टीमने आपला पिचर (बॉल टाकणारा) स्टीफन स्ट्रासबर्ग याला ऐन मोक्याला घरी बसवलं आणि हातातोंडाशी आलेला घास घालवला, हे जे त्यात लिहिलंय ते काही पटलं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मीही अगदी तावातावाने हेच बोलत होतो, त्यामुळे लेखकांचा राग समजू शकतो, पण नंतर एकेका मॅचचा स्कोअर काढून बसलो आणि माझी हवा गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००९ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या नंबरवर उचललेला हा पोरगा, जून २०१० मध्ये पहिल्याच मॅचला १४ स्ट्राइकआउट घेतले (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), वय २१. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोपराच्या लिगामेंटची टॉमी जॉन सर्जरी! म्हणजे शरीरातला दुसरीकडचा टेंडन काढून कोपरात बसवतात, १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केली म्हणून ते नाव. यातून उठून पूर्ण सीझन खेळायचं त्याचं पहिलं वर्ष म्हणजे २०१२, आणि जनरल मॅनेजर माईक रिझो सुरुवातीपासून सांगत होते की या वर्षी त्याच्या इनिंगना (एका मॅचला नऊ असतात) मर्यादा राहणार. आदल्या वर्षी टीमच्याच जॉर्डन झिमरमन या पिचरला, त्याचीही तीच सर्जरी, असंच १६१ इनिंगला थांबवलं होतं आणि तेव्हा कोणी ब्र काढला नव्हता, कारण टीम तेव्हा शर्यतीतच नव्हती. २०१२ ला मात्र ९८ मॅच जिंकल्या, अख्ख्या लीगमध्ये सर्वात जास्त, वॉशिंग्टन शहरात १९३३ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) येणार, आणि मग सगळ्यांना तोच नियम अचानक मूर्खपणाचा वाटायला लागला.

७ सप्टेंबरला तीन इनिंगमध्ये पाच रन दिले, सीझनच्या १५९ इनिंग झाल्या होत्या. अजून एक मॅच द्यायचं ठरलं होतं, तीही मॅनेजर डेव्ही जॉन्सननी दुसऱ्या दिवशी रद्द केली. विषय संपला.

आता प्लेऑफ. कार्डिनल्सविरुद्ध पाच मॅचची मालिका, तीन जिंकेल तो पुढे. दुसरी मॅच १२-४ नी हरले, तिसरी ८-० नी. या दोनपैकी एक स्ट्रासबर्गने फिरवली असती का, तर असतीही, नाही म्हणत नाही. पण ज्या पाचव्या मॅचच्या नावाने सगळे गळा काढतात त्यात टीम ६-० पुढे होती हो, नवव्या इनिंगला ७-५, दोन आउट झालेले, जिंकायला फक्त एक स्ट्राइक हवा, एकदा नाही दोनदा हवा होता, आणि तिथून चार रन देऊन ९-७ नी हरले. तिथे बॉल क्लोजरच्या, म्हणजे शेवटची इनिंग टाकायला ठेवलेल्या पिचरच्या हातात होता, स्ट्रासबर्ग असता तरी डगआउटमध्ये बसून नखंच खात असता.

माझी तक्रार वेगळी आहे, हिशोबाची. एप्रिलपासून दर पाचव्या दिवशी त्याला उतरवलं तर सप्टेंबरला कोटा संपणार हे कुणालाही बोटांवर मोजता आलं असतं. त्याच वर्षी अटलांटा ब्रेव्ह्जनी क्रिस मेडलनला, तोही सर्जरीतूनच आलेला, जुलैच्या शेवटापर्यंत बुलपेनमध्ये (मॅचच्या मध्ये थोड्या इनिंग टाकणाऱ्या राखीव पिचरांत) ठेवला आणि मग स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर केला, सीझनअखेर त्याचा रेकॉर्ड १०-१, दहा विजय, एक हार. असं का नाही करता आलं? रिझोंचं म्हणणं असं की कोपर नुकतं जोडलंय, त्याला मध्येच थांबवा मध्येच पळवा असं करायचं नाही, रूटीन एकसारखं हवं. मला हे तेव्हा बहाणा वाटलं होतं. पण मार्च २०१४ मध्ये मेडलनचं कोपर पुन्हा गेलं, पुन्हा तीच सर्जरी, त्यामुळे माझा हा मुद्दाही आता लंगडाच आहे म्हणा.

स्ट्रासबर्ग स्वतः चिडला होता, असं लेखात मोठ्या अक्षरात आलंय. अहो चिडणारच! चोवीस वर्षांच्या पोराला प्लेऑफ खेळायचंय का विचारलं तर तो नाही म्हणेल का? न्यूयॉर्क मेट्सचा पिचर मॅट हार्वी याचं बघा. सर्जरीनंतरचं पहिलं वर्ष, २०१५, एजंट १८० इनिंगवर अडून बसलेला, शहरभर बोंबाबोंब, शेवटी प्लेऑफ धरून २१६ झाल्या. वर्ल्ड सिरीजची (अंतिम मालिकेची) पाचवी मॅच, आठ इनिंग एकही रन नाही, २-० पुढे, आता बस असं त्याला डगआउटमध्ये सांगितलं तर हा थेट मॅनेजर टेरी कॉलिन्सपुढे जाऊन उभा, स्टेडियम त्याच्या नावाने ओरडतंय, आणि कॉलिन्स विरघळले. पळत गेला मैदानात. पहिल्याच बॅटरला वॉक (फुकटात पहिला बेस), दुसऱ्याचा डबल (थेट दुसऱ्या बेसपर्यंतचा फटका). मॅच गेली, सिरीज गेली. पुढच्या जुलैत त्याच्या खांद्याजवळच्या नसेची सर्जरी झाली, तिचा या २१६ शी संबंध जोडणं योग्य नाही, मी जोडतही नाही. पण कॉलिन्सना ते 'नाही' त्या गोंगाटात उभं राहून म्हणायचं होतं, रिझोंनी ते सीझनच्या सुरुवातीलाच म्हणून ठेवलं होतं, एवढाच काय तो फरक.

आणि २०१९ ला स्ट्रासबर्ग वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला म्हणून रिझो बरोबर ठरले, असंही कोणी मला सांगू नका, कारण त्यानंतर साडेचोवीस कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यात तो जेमतेम आठ मॅच खेळला. सात वर्षांनंतरच्या गोष्टीवरून २०१२ चा निकाल लावायचा नसतो, ना इकडून ना तिकडून.

लेखकांना एकच विनंती, पुन्हा या विषयावर लिहाल तेव्हा चौथ्या मॅचचा स्कोअरही छापा. स्ट्रासबर्ग असता तर ज्याला बहुधा बॉलच मिळाला नसता त्या रॉस डेटवायलरने सहा इनिंगमध्ये एकच रन दिला आणि नॅशनल्स ती मॅच २-१ नी जिंकले.

आपला,
एक नियमित वाचक