माझ्या आईचा आवाज कोणत्या कपाटात आहे? माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
शास्त्री भवन, नवी दिल्ली

सादर नमस्कार, विनंती विशेष.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहते. प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवून आता घरी आहे. हे पत्र माझ्या आईच्या आवाजाबद्दल आहे.

१९८०च्या आसपासची गोष्ट. भाताची मळणी उरकली होती. एका जीपमधून तिघं जण आले आणि त्यांनी आमच्या सोप्यात टेपरेकॉर्डर मांडला. आई आणि शेजारच्या चार बायका जात्यावर बसल्या. जात्याची घरघर फार येते म्हणून साहेबांनी खाली पोतं घालायला सांगितलं, मग ती फारच कमी येते म्हणून काढायला लावलं. दुपार कलेपर्यंत बायका ओव्या म्हणत होत्या. शेवटी कागदावर अंगठे झाले, थोडं मानधन मिळालं. महिन्याभरानं त्या ओव्या रेडिओवर लागल्याचं गावातल्या दोघांनी सांगितलं. आम्ही त्या ऐकल्या नाहीत, त्या दिवशी आमच्या रेडिओचे सेल उतरले होते. पुढे कुणी ओव्या म्हणायचा आग्रह केला की आई म्हणायची, "टेपवाल्यांनी न्हेला की माझा आवाज. आता माझ्यात कुठला उरलाय?" आई जाऊन बारा वर्षं झाली. त्या पाचजणींतली आज एकही नाही.

करारपत्राचा कागद घरात होता. पण खानापूरच्या पावसात मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला कागद किती दिवस टिकणार! त्या कागदाबरोबर आकाशवाणी केंद्राचं नावही गेलं. ती जीप कुठून आली होती, हे आता सांगायला कुणी नाही.

आमच्याकडे हा प्रश्न साधा नाही. आमच्या भागात धारवाड लागायचं, सांगली लागायचं आणि घाटाच्या कडेच्या गावांत पणजीही लागायचं. धारवाड केंद्र १९५० सालचं, सांगली १९६३चं. तीन राज्यांतली तीन केंद्रं आणि मधोमध आमचं गाव. पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाला आपलं केंद्र कुठलं ते विचारावं लागत नाही. सीमेवरच्या माणसाचा आवाज मात्र तिन्हींपैकी कुठल्याही कपाटात असू शकतो, किंवा कुठेच नसू शकतो. त्या काळी टेप महाग होत्या, जुनं पुसून त्यावर नवं भरत, हे मला ठाऊक आहे. आईच्या ओव्यांवर कुणाचं भाषण भरलं गेलं असेल तर तेही मी ऐकून घेईन. पण ते मला कळायला हवं.

म्हणून मी माहितीचा अधिकार कायदा, २००५ काढून वाचला. मास्तरणीच्या सवयीनं पेन्सिल घेऊनच वाचला. कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या आहे, तिच्यात कागदपत्रांच्या बरोबरीनं टेप आणि व्हिडिओ कॅसेटही मोजल्या आहेत. म्हणजे आईच्या ओव्या कायद्याच्या नजरेत आहेत. कलम ४ सांगतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपल्या सगळ्या अभिलेखांची सूची करावी, अनुक्रमणिका लावावी आणि ती अशी लावावी की माहिती मिळवणं सोपं जाईल. हे कुणी अर्ज करण्याआधीच करायचं काम आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा. या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली.

मग कलम ६ आलं आणि पेन्सिल थांबली. अर्ज इंग्रजीत करावा, हिंदीत करावा किंवा अर्ज जिथे केला जातो त्या भागाच्या राजभाषेत करावा. आमच्या भागाची राजभाषा कन्नड. मराठीचं नाव तिथे येत नाही.

महोदय, निपाणीहून निघून कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की थोड्याच अंतरावर महाराष्ट्रातलं कागल येतं. निपाणीच्या माणसानं बसनं कागलला जाऊन तिथे बसून मराठीत अर्ज लिहिला, तर तो कायद्याच्या शब्दांत बसतो. तोच माणूस, तोच प्रश्न, दहा रुपयांचं तेच शुल्क. पण निपाणीत बसून लिहिला तर बसत नाही. मला हिंदी येतं, मोडकंतोडकं कन्नडही येतं, मी कसाबसा अर्ज लिहीन. पण आईच्या ओव्यांची चौकशी मी परक्या भाषेत का करावी? ओवी, जातं, पाळू, सोपा हे शब्द मी इंग्रजीत कसे लिहू, आणि ते वाचून तिथला अधिकारी कुठली टेप शोधणार?

कन्नडबद्दल माझ्या मनात काही नाही. माझे निम्मे शेजारी कन्नड बोलतात, आईच्या ओव्यांतही कन्नड शब्द होते. सीमेचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो आपल्या खात्याचा विषय नाही आणि या पत्राचाही नाही.

गंमत म्हणा की दैव म्हणा, संविधानाचा अनुच्छेद ३५० मला वेगळंच सांगतो. गाऱ्हाणं असेल तर ते केंद्राच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे देशात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. म्हणून हे पत्र मी हक्कानं मराठीत लिहीत आहे. गाऱ्हाणं मराठीत चालतं आणि साधी चौकशी चालत नाही, ही अडचण आपणच दूर करू शकता. त्यासाठी कायदा बदलायची वाट पाहावी लागणार नाही. मराठी अर्ज घेऊ नये, असं कलम ६ म्हणत नाही. उलट ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याला जन माहिती अधिकाऱ्यानं मदत करावी, असं तेच कलम म्हणतं. सीमाभागातून आलेला मराठी अर्ज आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या कार्यालयांत स्वीकारला जावा, एवढी सूचना आपण प्रसार भारतीला करावी. मराठी कार्यक्रम करणाऱ्या केंद्रांत मराठी वाचणारी माणसं आहेतच.

पण माझं खरं मागणं सूचीचं आहे. सूची असती तर अर्जच करावा लागला नसता.

प्रसार भारतीनं आपल्या संग्रहातल्या बड्या गवयांच्या मैफली सीडीवर आणल्या, काही यूट्यूबवरही ठेवल्या. त्या मी ऐकते आणि त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीचे, १९२४ साली तिथे जन्मले. त्यांचं गाणं कुठेही शोधलं तरी सापडतं. मला पंचाईत पडते ती पुढच्या नावांची. पंडित रामभाऊ विजापुरे बेळगावात आयुष्यभर पेटी वाजवत आणि शिकवत राहिले. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीन दशकं टिकली. ती उठल्यावर बेळगावच्या कुठल्या पेटीवादकाला कुठल्या केंद्रानं कधी बोलावलं? इंदिरा संत बेळगावात राहिल्या, तिथेच लिहीत राहिल्या. त्यांच्या तोंडून त्यांची कविता कुणी ध्वनिमुद्रित केली का, आणि केली असेल तर ती फीत आज कुठे आहे? कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी इथे गावकरी दरवर्षी स्वतः वर्गणी काढून मराठी साहित्य संमेलन भरवतात. तिथल्या भाषणांपैकी एखादं तरी कुठल्या केंद्रात जपून ठेवलंय का? आणि या सगळ्यांच्या मागे, अगदी शेवटच्या फळीवर, माझ्या आईसारख्या अंगठा उठवणाऱ्या बायका.

निवडक ठेवा लोकांपुढे मांडणं हे चांगलंच काम आहे, पण निवड करणाऱ्याला जे मोलाचं वाटलं तेवढंच त्यात येतं. सूचीत सगळं येतं. केंद्र, तारीख, गाव, गाणाऱ्याचं किंवा बोलणाऱ्याचं नाव, भाषा, मिनिटं, टेप आजही आहे की पुसली गेली. पुसलेल्या टेपेचीही नोंद असावी, म्हणजे माणूस शोधायचा थांबतो. ज्या भाषेतला कार्यक्रम, त्या भाषेत ती नोंद असावी. आवाज लगेच फुकट ऐकायला द्या, असं मी म्हणत नाही. कलाकारांचे हक्क आहेत, त्यांचं पाहावंच लागेल. पण सरकारचा स्वतःचा स्वामित्वहक्क हे माहिती नाकारायचं कारण होत नाही. कलम ९ फक्त सरकारखेरीज इतर कुणाच्या हक्काचा भंग होत असेल तरच नकाराची मुभा देतं. आणि सूचीवर तर कुणाचाच असा हक्क लागत नाही.

घाई एवढ्यासाठी करते की टेपा माणसांसारख्याच म्हाताऱ्या होतात. दमट हवेत त्यांच्यावरचा लेप चिकट होऊन सुटू लागतो. त्या वाजवणारी यंत्रं कमी झाली आणि ती दुरुस्त करणारे हात त्याहून कमी. ज्यांना टेपेवरचा आवाज ऐकून "ही अमक्याची आई" असं ओळखता येईल, ती माणसंही आमच्या तालुक्यात आता बोटांवर मोजण्याएवढी उरली आहेत.

शोधायला उपयोगी पडेल म्हणून माहीत आहे तेवढं खाली लिहिते. तालुका खानापूर, काळ १९८०च्या आगेमागे, मळणीनंतरचे दिवस. पाच बायका, मागे जात्याचा आवाज. मध्येच एकदा कोंबडा आरवतो. तो काढून टाकू नका म्हणून आईनं साहेबांना विनवलं होतं. तिची पहिली ओवी मला पाठ आहे, पुढच्या नाहीत.

पहिली माझी ओवी गं, कणकुंबीच्या माउलीला,
मलप्रभा निघाली गं, सौंदत्तीच्या भेटीला.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका